सव्वापाच फुटी पलंग

शुक्रवारची मिस्सा संपली आणि बेनिटा चर्चच्या अंगणात कुणाशीही बोलत न थांबता तडक गाडीकडे निघाली, तेव्हाच जोॲनच्या लक्षात आलं की आज आईच्या अंगात वारं शिरलंय. एरवी या बाईला अंगण ओलांडायला तास लागायचा. बहारीनमध्ये, मनामाच्या एका हॉस्पिटलात तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची साखर वाढली, कुणाचे टाके निघाले, ही सगळी विचारपूस केल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. आज मात्र तिने गाडीत बसून पट्टा लावला, काच खाली केली आणि नवऱ्याला हाक मारली.

“विल्फ्रेड, यल्ला! सुतार दहाला येतो म्हणालाय.”

“दहाला म्हणजे बाराला,” पप्पा सावकाश मागच्या सीटवर बसत म्हणाला. “इंशाल्ला म्हणाला होता का?”

“म्हणाला होता.”

“मग एक वाजेल.”

जोॲन हसली आणि तिने गाडी मुहर्रकच्या रस्त्याला लावली.

मुहर्रकच्या पलीकडे समुद्रात भर घालून एक बेट केलंय. परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घर घेता येतं अशा बहारीनमधल्या मोजक्या जागांपैकी ती एक. निवृत्त झाल्यावर बेनिटाने तिथं सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा छोटा फ्लॅट घेतला होता. थंडीचे चार महिने इथं आणि बाकीचे वसईला, नंदाखालच्या घरी, असा बेत. सनद भागातलं भाड्याचं घर सोडून झालं होतं, सामान येऊन पडलं होतं, आणि आज ती दोघं नव्या घरात पहिल्यांदा झोपणार होती.

जोॲनला हा बेत सुरुवातीपासून पटलेला नव्हता. “सुट्टीला माणूस गावी जातो, मम्मी,” ती म्हणाली होती. “कामाच्या गावी सुट्टीला कोण येतं?”

“कामाच्या गावी काम नसताना कसं वाटतं ते बघायचंय मला.”

त्यावर जोॲन गप्प बसली. छत्तीस वर्षांची, एका विमा कंपनीत क्लेम तपासणारी, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या गराड्यात एकटी राहणारी बाई. कुठं गप्प बसायचं ते तिला चांगलं कळायचं. लहानपणापासून तीच एक कला तिने मन लावून कमावली होती.

बिल्डिंगीतले बरेचसे फ्लॅट सुट्टीपुरतेच उघडायचे. गुरुवारी संध्याकाळी पुलावरून सौदीच्या गाड्या येत, शनिवारी परत जात. मधल्या दिवसांत कॉरिडॉरमध्ये माणूस दिसायचं नाही. खाली टेबलाशी बसणारी रशीदा एवढीच कायमची. बेनिटाने पहिल्याच भेटीत तिला वसईची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, खायला घातली होती आणि तिच्या आईचा रक्तदाब विचारून घेतला होता. आजही दारातून शिरताशिरता दोघींची मान हलली, हात हलले, हसणं झालं. मम्मीचं अरबी मोडकं असलं तरी दुखण्याखुपण्याचे सगळे शब्द तिला येत होते.

वर हॉलमध्ये चालायला जागा नव्हती. सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच होतं, फ्रिजच्या दाराला पट्ट्या चिकटलेल्या होत्या, आणि भिंतीला लावून पप्पाची खोकी उभी होती.

पप्पाची खोकी हा घरातला जुना वाद. तो अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीखात्यात होता, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने एकाही वस्तूचं खोकं टाकलं नव्हतं. मिक्सर, टीव्ही, इस्त्री, टेबलफॅन, ज्याचं त्याचं खोकं घडी घालून, आतल्या थर्माकोलसकट, कपाटाच्या माथ्यावर. प्रत्येकावर काळ्या मार्करने नाव. आखातात आलेला माणूस आज ना उद्या परत जाणार. व्हिसा संपला की गाशा गुंडाळायला महिनासुद्धा मिळत नाही. तेव्हा वस्तू ज्या खोक्यातून आली त्याच खोक्यातून गेली पाहिजे. सनदहून सामान आणताना वस्तू दोन फेऱ्यांत आल्या. खोक्यांसाठी तिसरी फेरी करावी लागली.

“आता तरी टाक ते,” मम्मी म्हणाली. “घर आपलं आहे.”

“घर आपलं आहे. देश आपला आहे का?”

“मग मला त्यातल्याच एका खोक्यात भर आणि पाठव.”

“तू मावणार नाहीस,” पप्पा म्हणाला. “फ्रिजचं मोठं आहे, पण ते रुंदीला कमी पडेल.”

मम्मीने त्याला हातातला झाडू दाखवला.

सुतार जैनुद्दीन पावणेबाराला आला. त्याने मोठ्या खोलीतला पलंग जोडला, कपाटाची दारं बसवली आणि लहान खोलीतलं खोकं फोडलं. फळ्या जमिनीवर मांडून तो थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग दारात येऊन म्हणाला, “सिस्टर, ये तो बच्चे का पलंग है.”

“मालूम है. तुम लगाव.”

जोॲन उठून बघायला गेली. पांढरा पलंग होता, खाली दोन खण, डोक्याशी पुस्तकं ठेवायची फळी. गादी सव्वापाच फुटांची. जोॲन साडेपाच फूट.

“मम्मी, ही खोली माझी म्हणाली होतीस ना तू?”

“तुझीच आहे.”

“मग माझे पाय रशीदाच्या टेबलावर ठेवू का?”

“खोली केवढीशी आहे बघ ना. मोठा टाकला तर दार उघडणार नाही.” मम्मी खाली बघून स्क्रू गोळा करत होती. “आणि तुझं माप मला कधी जमलंय?”

ते मात्र खरं होतं. सात वर्षांची असताना जोॲनला नंदाखालला मावशीकडे ठेवलं होतं. मम्मीला रात्रपाळ्या, पप्पाला भट्टीच्या पाळ्या, पोरीला सांभाळणारं कुणी नाही. मग दर वर्षी सिल्व्हियामावशी वहीच्या पानावर जोॲनचं पाऊल ठेवायची, पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ काढायची आणि तो कागद पत्रात घालून बहारीनला पाठवायची. त्या मापाने मम्मी बूट घ्यायची. ते बूट सुट्टीला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून सहा महिन्यांनी पोचायचे, तोवर पाय वाढलेला असायचा. पुढच्या वर्षी मम्मीने शहाणपणाने एक बोट मोठे घेतले. त्या वर्षी नेमके ते दोन महिन्यांत पोचले, आणि जोॲन टाचेत कापूस घालून शाळेत गेली. पत्रात मात्र तिने प्रत्येक वेळी लिहिलं होतं, बूट छान बसले.

दुपारी मम्मीने क्रूस लावायला काढला. जैनुद्दीन ड्रिल घेऊन पुढं झाला तर तिने त्याला हाताने बाजूला केलं. तेहतीस वर्षांत या देशातल्या एकाही भिंतीत तिने खिळा मारला नव्हता. भाड्याच्या घरात भोक पाडायचं नाही, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये तर चिकटपट्टीसुद्धा लावायची नाही. क्रूस कायम कपाटावर टेकून उभा. आज ती स्टुलावर चढली, पप्पाने तिचे गुडघे धरले. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून सोफ्यामागे गेला. तिसरा गिलाव्याचा तुकडा पाडून आत शिरला, थोडा तिरका.

“खलास!” मम्मी वरूनच ओरडली. कपाळावर चुन्याची धूळ.

“फादरने घराला आशीर्वाद दिल्यावर लावायचा असतो ना?” पप्पा म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी येणार आहेत. खरं तर आशीर्वादाआधी झोपायलाही यायचं नसतं.”

“देवाला कळतंय मी किती वर्षं थांबले ते. आणखी एक आठवडा तो माझ्यासाठी थांबेल.”

जेवणानंतर पप्पा सोफ्यावरच्या प्लास्टिकवर आडवा झाला. मायलेकी लहान खोलीतल्या नव्या पलंगावर बसून पडद्याला कड्या अडकवू लागल्या. खिडकी विमानतळाच्या बाजूची. दर थोड्या वेळाने एक विमान इतकं खाली येई की खिडकीच्या काचेला हलकी थरथर जाणवे. ते गेलं की पुन्हा सगळं शांत.

“जोॲन, एक विचारू?”

“विचार ना.”

“तू तिथं बरी होतीस ना? सिल्व्हियाकडे?”

मम्मीने मान वर केली नव्हती. तिच्या दातांत एक कडी होती, त्यामुळे शब्द जरा चेपून आले. जोॲनने उत्तर दिलं ते विचार करून दिलं नाही. मिस्सेत फादरच्या प्रार्थनेला लोक जसं उत्तर देतात तसं ते आपलं आपण तोंडून आलं.

“हो गं. मजेत होते.”

“रुळली होतीस.”

“रुळले होते.”

मम्मीने कडी दातांतून काढली आणि ती जोॲनकडे बघत राहिली. बराच वेळ. नर्स नाडीवर बोट ठेवून घड्याळाकडे बघते तसं काहीसं ते बघणं होतं. मग तिने कडी कापडाला अडकवली.

“आज राहा इथं. पहिला दिवस आहे.”

“उद्या काम आहे, मम्मी.”

“शनिवारी? सुट्टीच्या दिवशी?”

“क्लेम साठलेत.”

क्लेम साठलेले नव्हते. घरी एक जाडजूड पुस्तक अर्धं वाचून ठेवलेलं होतं, एवढंच. आणि या खोलीत थोडा वेळ जास्त बसलं तर आपल्या तोंडून काहीतरी निघेल अशी एक भीती होती, जिला तिने कधी नीट तपासून बघितलं नव्हतं.

“आणि पाय कुठं ठेवू?” ती उठत म्हणाली.

“दुमडून झोप. लहानपणी झोपायचीस तशी.”

“पुढच्या शुक्रवारी राहते. फादर येतील तेव्हा.”

“बरं गं बाय,” मम्मी म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी.”

पडदा अर्धाच लागला होता. सहा कड्या पलंगावर तशाच पडल्या होत्या.

*

शनिवारी सकाळी आठ वाजता जोॲन अंथरुणात पुस्तक उघडून पडली होती, तेव्हा पप्पाचा फोन आला.

“जोॲन, मम्मी उठत नाही.”

“झोपू दे की. काल किती दमली.”

“झोपली नाही गं. चहा पिऊन उरलेल्या कड्या लावते म्हणाली. लहान पलंगावर बसली होती. तिथंच कलंडली. मी हाका मारतोय.”

जोॲन पोचली तोवर ॲम्ब्युलन्स येऊन गेली होती. ज्या कॅज्युअल्टीत मम्मीने इतकी वर्षं काढली होती तिथंच तिला नेलं होतं. तिथल्या जुन्या नर्सेसनी पडदा ओढून घेतला होता आणि आत डॉक्टरपेक्षा त्यांचीच गर्दी जास्त होती. एकीने बाहेर येऊन जोॲनचा हात धरला. काही सांगायची गरज पडली नाही.

पुढचे चार दिवस कागदांचे होते. दाखला, त्याची प्रत, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, वकिलातीचं पत्र, विमानाच्या मालखात्याचा फॉर्म. असेच कागद जोॲन ऑफिसात रोज तपासायची. कुठली सही कुठं हवी ते तिला पाठ होतं, म्हणून तिने ते सगळं एका झटक्यात, एकदाही न चुकता केलं. लोक म्हणाले, पोर खंबीर आहे.

मालखात्याच्या गोदामात पेटी काट्यावर ठेवून वजन झालं. शवपेटीभोवती लाकडी पट्ट्यांचा पिंजरा, एका टोकाला इंग्रजीत छापलेलं लेबल. डोकं या बाजूला. पप्पा वाकून ते लेबल वाचत राहिला. आयुष्यभर त्याने स्वतःच्या हाताने खोक्यांवर बाण काढून लिहिलं होतं, ही बाजू वर. लेबलाचा एक कोपरा सुटला होता. त्याने तो अंगठ्याने दाबला, पुन्हा दाबला. चिकटेना, तेव्हा त्याने गोदामातल्या माणसाकडे चिकटपट्टी मागितली.

नंदाखालच्या दफनभूमीत तिला तिच्या आईच्या शेजारी पुरलं. ब्रायन, जोॲनचा नऊ वर्षांनी लहान भाऊ, टोरांटोहून माती द्यायला कसाबसा पोचला आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर अंगणात खुर्च्या उचलताना सिल्व्हियामावशी लोकांना सांगत होती, “बेनिटाची ही मुलगी माझ्याकडेच वाढली. इतकी शहाणी पोर! पंधरा वर्षांत एकदा रडली नाही बघा.”

रडली नाही, हे खरं होतं. त्यामागचं कारण कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी विमानतळावर निघताना मम्मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसली होती आणि म्हणाली होती, “फोनवर रडायचं नाही हं, बाय. तू रडलीस की माझा हात थरथरतो. आणि हात थरथरला की सुई चुकते, पेशंटला दुखतं.” आई पोरीला समजावताना काहीतरी बोलून जाते तसंच ते होतं. सात वर्षांच्या जोॲनने मात्र ते शब्दशः खरं मानलं. दर शुक्रवारी संध्याकाळी मावशीच्या शेजारच्या घरी फोन यायचा. “मजेत आहेस ना?” “मजेत.” फोन ठेवून ती विहिरीमागे जायची आणि तिथं बसून मोठ्यांदा पाढे म्हणायची. पाढे म्हणताना रडता येत नाही, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

नंतर ब्रायन झाला, आणि तो बहारीनलाच राहिला. मम्मीच्या मांडीवर, मम्मीच्या घरात, मम्मीच्या हाताखाली वाढला. त्याबद्दलही जोॲन कधी काही बोलली नाही. बावीस वर्षांची होऊन नोकरीसाठी परत आली तेव्हा ती पाहुण्यासारखी नीटनेटकी वागायची. मम्मी तिला चहा नेऊन द्यायची आणि ती “थँक्यू” म्हणायची.

*

दीड महिन्यानंतर बापलेक पुन्हा बेटावरच्या फ्लॅटमध्ये आले. खाली रशीदा टेबलामागून उठून पुढं आली, छातीवर हात ठेवून “अल्ला यरहमहा”, देव तिच्यावर दया करो, असं म्हणाली आणि मग तिने खणातून एक डबा काढला. मम्मीचा डबा. सुकेळी संपली होती. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून तिने त्यात खजूर भरले होते.

फ्लॅट विकायचा, हे पप्पाने ठरवून टाकलं होतं. ब्रायनचा टोरांटोहून फोन आला. त्याला मराठी सगळं समजायचं, बोलायचा तो इंग्रजीत. “जो, जस्ट गिव्ह इट टू अ ब्रोकर. हू इज गोइंग टू लिव्ह देअर?” ब्रोकर साद येऊन बघून गेला. सोफा, फ्रिज, मोठा पलंग राहू द्या, म्हणाला, आठवड्याच्या सुट्टीला येणाऱ्यांना तयार घर लागतं. फक्त लहान खोलीतला तो पलंग काढा. मोठी माणसं त्यावर झोपणार कशी?

म्हणून जैनुद्दीनला बोलावलं. तो दहाला येतो म्हणाला होता.

जोॲन अजून लहान खोलीत गेली नव्हती. दार लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरातून भांडी आणून देत होती आणि पप्पा प्रत्येकाचं खोकं शोधून ते भरत होता. मिक्सर मिक्सरच्या खोक्यात गेला, इस्त्री इस्त्रीच्या. थर्माकोल बरोबर बसला की त्याच्या घशातून समाधानाचा एक लहानसा आवाज निघायचा आणि मग तो स्वतःच दचकल्यासारखा थांबायचा.

“आशीर्वादाआधी झोपलो आम्ही,” तो मधेच म्हणाला. दीड महिन्यात हे तो कितव्यांदा म्हणत होता कुणास ठाऊक.

“पप्पा, असं काही नसतं.”

“तिला मी सांगितलं होतं. ऐकलं नाही.”

“तिने कधी ऐकलंय तुझं?”

तो किंचित हसला. ती खोक्यांची थप्पी सरकवत होती. सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, एक मोठं जुनं खोकं होतं, सपाट घडी घातलेलं. पुठ्ठा तपकिरीचा पांढरट झालेला, कडा झिजलेल्या, घडीवर पट्ट्यांवर पट्ट्या. फ्रिजचं नव्हतं, कपाटाचं नव्हतं. तिने ते पुढं ओढलं. वरच्या बाजूला काळ्या मार्करने पप्पाच्या अक्षरात लिहिलं होतं: जोॲन. आणि खाली, ही बाजू वर.

“पप्पा, हे कसलं?”

पप्पाने चष्मा कपाळावर चढवला. “ते होय. तुझ्या पलंगाचं.”

“माझा पलंग आतल्या खोलीत आहे. त्याचं खोकं ते समोर उभंय.”

“हा नाही. पहिला.”

“पहिला कुठला?”

पप्पाने मान वर केली. “मम्मीने सांगितलं नाही तुला?”

“काय सांगायचं?”

तो खुर्ची ओढून बसला. हातातला टीव्हीचा रिमोट त्याने मांडीवर ठेवला, मग पुन्हा हातात घेतला.

“तू नऊ वर्षांची होतीस. ब्रायन पोटात होता. तिला ओपीडीत दिवसाची ड्यूटी मिळाली, तर त्या दिवशी घरी नाचत आली. म्हणाली, विल्फ्रेड, आता पोरीला आणते. दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही पलंग आणला. पांढरा, खाली दोन खण. मागच्या खोलीत ठेवला. इथल्या शाळेत नाव घातलं होतं तुझं.”

जोॲनने खोकं भिंतीला टेकवलं.

“मग शुक्रवारी फोन केला. तिने लगेच सांगितलं नाही. तुझ्या मनात काय आहे ते आधी बघते म्हणाली. तू तर किती बोलत होतीस! पहिला नंबर आला, नाताळच्या नाटकात देवदूत झाले, मावशीच्या कोंबडीला पिल्लं झाली. मजेत आहे म्हणालीस. फोन ठेवला हिने. म्हणाली, पोर रुळलीय तिथं. रुळलेलं रोप उपटून परत दुसरीकडे लावायचं, तेही आपल्याला बरं वाटावं म्हणून?”

“मला विचारायचं होतंत.”

“विचारायची की ती. दर शुक्रवारी विचारायची. तू दर शुक्रवारी मजेत.” त्याने रिमोट उलटा केला, सुलटा केला. “चार वर्षं खोकं फोडलं नाही तिने. मी म्हणायचो, अगं दुकानात परत तरी देऊ. नाही म्हणायची. सुट्टीला जायची तेव्हा तुझ्याकडे बघत बसायची. परत आली की म्हणायची, नाही रे, छान आहे ती. शेवटी ब्रायन मोठा झाला, त्याला तो लावला. त्या दिवशी जेवली नाही.”

बाहेरून एक विमान गेलं. दोघंही ते जाईपर्यंत थांबली.

“आणि हा?” जोॲनने लोटलेल्या दाराकडे मानेने दाखवलं.

“हा तिने दुकानात बघितला आणि तिथंच उभी राहिली. मी म्हटलं, अगं मुलांचा आहे. म्हणाली, मला दिसतंय. म्हटलं, जोॲन हसेल. म्हणाली, हसू दे.” पप्पाने चष्मा डोळ्यांवर घेतला. “त्या शुक्रवारी तुला विचारणार होती. इतकी वर्षं झाली, आता तरी खरं सांगेल म्हणाली. काय गं, विचारलं का तिने?”

“विचारलं.”

“मग?”

बरोबर दहा वाजता बेल वाजली. जैनुद्दीन आला होता. त्याने दारात चपला काढल्या, भिंतीवरच्या तिरक्या खिळ्यावर लावलेल्या क्रूसाकडे एकदा बघितलं आणि पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. आज त्याने सिस्टरबद्दल काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

“एक मिनिट रुको, भैया,” जोॲन म्हणाली.

ती लहान खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. पडदा होता तसाच होता, अर्धा. त्या दिवशी उरलेल्या सहा कड्यांपैकी दोन मम्मीने लावल्या होत्या. चार चादरीवर पडलेल्या होत्या, आणि चादरीला एका जागी बसल्याची सुरकुती होती. कुणी ती झटकली नव्हती. फळीवर एकही पुस्तक नव्हतं. फळीच्या कोपऱ्यात मात्र एक वही आणि एक टोक केलेली पेन्सिल होती. वही कोरी होती. पहिलंच जोडपान नीट उघडून सपाट केलेलं, पाऊल मावेल एवढं.

जोॲन पलंगावर आडवी झाली. पाय लांब केले तर टाचा कडेबाहेर जात होत्या. तिने कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले, तेव्हा ती त्यात बरोबर मावली. कड्या बाजूला सारताना त्यांचा बारीक खळखळाट झाला. खिडकीतून येणारं ऊन पडदा लागलेल्या अर्ध्या भागात मऊ होतं आणि उरलेल्या अर्ध्या भागात डोळ्यांवर येत होतं.

तिने मनातल्या मनात पाढे सुरू केले. सातचा. सात चोक अठ्ठावीसपर्यंत आली आणि थांबली.

“जोॲन?” पप्पाने दाराबाहेरून हाक मारली. “खोलायचा ना गं पलंग? तो थांबलाय.”

एक विमान खाली येत होतं. काच थरथरू लागली. ते धावपट्टीवर उतरेपर्यंत, त्याचा आवाज पुरता विझेपर्यंत तिने वाट बघितली. दाराबाहेर कुणी हललं नाही.

“मम्मी,” जोॲन मोठ्याने म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, पण थरथरला नाही. “मी मजेत नव्हते. एक दिवससुद्धा नाही. मला तुझ्याकडे यायचं होतं.”